कुठेही बसणारे पंख

गेल्या हिवाळ्यात मला एका जागी बसवत नव्हतं. ऑफिसातली माणसं कमी करणार होते आणि घरातल्या तिघांचाही व्हिसा माझ्या नोकरीवर. मॅनेजरला विचारलं की एकच उत्तर, "इन्शाल्ला." इथे आखातात या शब्दाचा अर्थ हो की नाही, हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून ताडायचं असतं. हा तर मान वर करूनही बघत नव्हता.

हातांना काम हवं म्हणून एक लहानसं लाकडी विमान करायला घेतलं. नाद जुनाच. शंभरेक वर्षांपूर्वी सोव्हिएत लोकांनी शिकाऊ वैमानिकांसाठी यू-टू नावाचं हलकं विमान बनवलं, एकावर एक पंख असलेलं. मी त्याचा पहिलाच नमुना निवडला, कारण त्याचे चारही पंख एकाच मापाचे. उजवा डावीकडे चालेल, वरचा खाली. कोणतंही झाकण कोणत्याही डब्याला बसावं, तसं. मला ही काटकसर भारी आवडली.

"अगं, बस की जरा," नवरा म्हणायचा. मी उभ्याउभ्याच लाकूड घासत राहायचे.

मोहम्मद बिन झायद सिटीत आमच्या बिल्डिंगमागे मोकळी वाळू आहे. शनिवारी मुलीला घेऊन तिथे गेले. पुढच्या पंख्याच्या रबराला पीळ दिला, विमान सोडलं. जेमतेम वर गेलं आणि नाकावर आपटलं.

"आई, इट्स टू हेवी," मुलगी म्हणाली.

खऱ्या विमानाचंही तेच झालं होतं. कुठेही बसावेत म्हणून पंख जाड आणि चौकोनी ठेवले, तर ते धड वर चढेना. शेवटी त्यांनी तो हट्ट सोडला. पंख नव्याने आखले, पातळ, गोल टोकांचे. मग मात्र ते असं उडालं, की पुढे कित्येक वर्षं तेच बनवत राहिले.

सोमवारी मॅनेजरनं बोलावलं. "खलास मॅडम, टेन्शन नहीं. यू आर सेफ. आपका एस्टिमेशन डिपार्टमेंट बंद, लेकिन आपको हम कहीं भी बिठा सकते हैं. स्टोअर्स, एचआर, रिसेप्शन, कहीं भी."

मी थँक्यू म्हणाले. हायसं वाटलं, आणि संतापानं कानशिलं तापली. इतकी वर्षं एस्टिमेशनमध्ये खर्चाचे अंदाज बांधत घासले, ती याच्या लेखी कुठेच नव्हती.

घरी सांगितलं. "सो वी आर स्टेइंग?" मुलीनं उडीच मारली. नवऱ्यानं हुश्श करून माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"आता तरी बसशील ना?"

"बसवतील तिथे," मी म्हणाले.