माझ्या आंबवणाचे मुक्काम

“तुझ्या हातात बरणी देण्यापेक्षा मी ती हायवेवर ओतीन!”

“ओता की! मग डोळा तरी नीट करून घ्याल!”

मी आणि नंदा, माझी धाकटी जाऊ. वरवंडला हायवेलगत माझी छोटी बेकरी आहे, तिच्या दारात उभं राहून आमचं हे चाललेलं. भांडण बरणीवरून. बरणीत आंबवण. पीठ आणि पाणी, बाकी काही नाही, पण जिवंत! त्याच्यावर माझा पाव फुगतो. त्याला ताजं पीठ खायला घालत राहावं लागतं. फ्रिजमध्ये ते आठवडाभर दम धरतं, पण आमच्याकडची लाइट कुठं आठवडाभर दम धरते? म्हणून मी गावाला निघाले की पायाला भिंगरी आणि जिवाला घोर: ठेवायचं कुणाकडे?

लोकांच्या घरात नातवंडांचे किस्से साठतात, माझ्याकडे बरणीचे साठलेत. एक सांगायला जावं तर मागून दुसरा ढकलतोच.

आधीच सांगते, मी चौथी शिकलेय. पाव शिकले फोनवरच्या व्हिडिओतून. त्यातली बाई इंग्रजीत काय बोलायची ते कळायचं नाही, मी नुसते तिचे हात बघायचे. आज पुण्याच्या गाड्या माझ्या दारात थांबतात. तेव्हा मला कुणी शहाणपण शिकवायचं नाही!

*

पहिल्यांदा ठेवलं नंदाकडेच. सोलापूरला लग्न होतं, चार दिवस. दहादा बजावलं, “झाकण सैल ठेव, त्याला श्वास लागतो.” हिनं मुंग्या लागतील म्हणून झाकण पिळून बसवलं, वर फडकं करकचून बांधलं!

तिसऱ्या दिवशी दुपारी धडाम! झाकण गेलं ते थेट भिंतीवरच्या घड्याळावर. भाऊजी जेवत होते. सिलिंडर फुटला म्हणून हातातल्या भाकरीसकट रस्त्यावर!

मी तिकडे पंगतीत. फोन वाजला, पलीकडे नंदाचं रडणं. मला वाटलं, गेलं कुणीतरी. घास तसाच तोंडात.

“आक्का, लवकर या! तुमचं पीठ अंगावर येतंया!”

*

मग दौंडला खोली घेतली होती तेव्हाची गोष्ट. शेजारीण कमल, स्वभावाला सोनं. तिच्याकडे बरणी ठेवून आठ दिवस माहेरी गेले. तिथं जीव कुठला लागतोय! सहाव्या दिवशीच गाडीत बसले. गुरुवारी दिवे लागता लागता तिच्या दारात.

“आता न्हाई आक्का. दिवेलागणीनंतर आंबट उंबऱ्याबाहेर देत न्हाईत.”

“बरं, सकाळी दे.”

“सकाळी शुक्रवार! माझं संतोषीमातेचं व्रत. आंबटाला शिवतसुदिक न्हाई मी.”

“अगं, उद्या चाळीस पावांची ऑर्डर हाय माझी!”

“मग तुम्हीच आत या की!”

माझी खोली भिंतीपलीकडे, आणि मी हिच्या स्वयंपाकघरात पीठ मळतेय! सकाळी पातेलं उचलून निघाले तर ही दारात आडवी. “आक्का, खरं सांगा, ह्ये आंबट हाय का?”

मी म्हणाले, “तुझ्या सासूपेक्षा गोडच हाय!”

बाजूला झाली.

*

लेक लता शिरूरला. एकदा तिच्याकडे ठेवलं आणि नेमका तिचा फ्रिज बिघडला. उन्हाळ्याचे दिवस. जावईबापू रांजणगावला कंपनीत, फार सज्जन माणूस. म्हणाले, “आमच्या कँटीनच्या फ्रिजात ठेवतो.” बरणी बॅगेत घालून कंपनीच्या बसनं निघाले सेकंड शिफ्टला.

गेटवर चेकिंग. सिक्युरिटीवाला उत्तरेकडचा. त्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि दोन पावलं मागं सरला. “ये क्या है?”

आंबवणाला भूक लागली की दारूसारखा वास मारतं, त्याला मी काय करू? जावईबापू गडबडले. “मेरा नहीं है, सासूबाई का है!”

“अच्छा... सासूजी रोज पीती हैं?”

मागं सगळी बस उभी होती! त्यानंतर शिरूरला लेकीकडे गेले की गल्लीतली माणसं मला जरा लांबूनच नमस्कार करतात.

*

शेवटी डोकं चालवलं. आपण कुरडया वाळवतो, तसं आंबवण का वाळवू नये? प्लॅस्टिकच्या कागदावर पातळ पसरलं, गच्चीवर दोन कडक उन्हं दिली, पापुद्रे झाले. डब्यात भरले. पाण्यात भिजवले की पुन्हा जिवंत! डबा नंदाच्या फळीवर ठेवला आणि निर्धास्त नाशिकला गेले.

इकडे नंदाच्या मुलीला बघायला पाहुणे आले. घरात तळायला काही नाही. हिनं डबा उघडला.

“आक्का, मला वाटलं कुरडई मोडलीया!”

तळलं! सगळं तळलं! बरणीच्या कडेला वाळून चिकटलेला चिमूटभर चुरा राहिला होता, तो खरवडून मी पुन्हा उभं केलं. आणि पाहुणे काय म्हणाले माहितीये? “आंबूस हाय, पर खुसखुशीत हाय.” वर सोयरीक जमली!

*

आता हे परवाचं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. डॉक्टरनं दोनदा तारीख दिली, दोनदा मी मोडली. गेल्या आठवड्यात ट्रे दिसला नाही, हात सरळ तापल्या पत्र्यावर. मग तिसरी तारीख. ऑपरेशन, आणि नंतर महिनाभर भट्टीजवळ जायचं नाही. लता म्हणते, “आई, इकडं ये, पर बरणी आणू नको.”

म्हणून दारात हे भांडण. नंदा म्हणे, मी सांभाळते. मी म्हणे, तळायला? ती म्हणे, डोळा गेला तर काय करताल? मी म्हणाले, “एका डोळ्यानं पाव करीन! अकरा वर्षांचा जीव हाय ह्यो, असा वाऱ्यावर सोडू? मी काय जात न्हाई!” भाऊजी आले, समजावून गेले. ट्रकवाले चहा सोडून बघायला लागले. मी आत, बाहेर, आत, बाहेर.

सुमन आत पाव कापत बसलेली. कासुर्डीची. नऊ वर्षं माझ्याकडे आहे, कामाला वाघ, बोलायला मुकी. लताच्या बाळंतपणाला मी सव्वा महिना शिरूरला होते, तेव्हा बरणी हिच्याकडे होती. आले तर आंबवण असं टवटवीत की मी गावभर सांगितलं, “शिकावं तर सुमनकडून!” पण आता महिनाभर भट्टीही तिच्याच गळ्यात, वर बरणीचा घोर कसा टाकू?

मी तिच्याकडे वळले. “सुमन, तूच सांग हिला! अकरा वर्षं जपलेलं आंबवण सोडून जाऊ का मी?”

सुमननं सुरी खाली ठेवली.

“आक्का, तुमचं आंबवण लताच्या बाळंतपणातच मेलं, तवापासनं तुम्ही माझं वापरताय.”