पाहून सांगते

बांगडीवाल्या भाभीला ‘दुखतंय का?’ असं विचारलं, की ती म्हणायची, ‘थांबा, पाहून सांगते.’ मग ती जागा नीट न्याहाळायची. सूज किंवा रक्त दिसलं तर म्हणायची, ‘हाव, दुखून राह्यलं असन.’ माझ्यापुढे पहिल्यांदा बसली तेव्हा तिच्या पायाचं हाड मोडलेलं होतं आणि त्या पायावर ती चार दिवस हिंडत होती. चप्पल बसेना म्हणून आमच्या आरोग्य केंद्रात आली होती. मला वाटलं, थट्टा करते आहे.

थट्टा नव्हती. तिला जन्मापासून वेदनाच कळत नव्हती. अकोल्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं नाव दीड ओळीचं होतं. जनुकांतून आलेला, क्वचित कुणात सापडणारा दोष. स्पर्श कळायचा, गुदगुल्या व्हायच्या, पाणी गरम की थंड तेही कळायचं. किती गरम, हे मात्र फोड आल्यावर. वासही येत नसे. दूध नासलं की नाही ते सासू सांगायची. ‘आमच्या घरात नाक एकच हाये, अम्मीचं,’ असं भाभी म्हणायची, आणि सासूला त्याचा अभिमान होता.

संग्रामपूरकडच्या ज्या गावात मी या केंद्रात नर्स होते, तिथे तिच्या सासरचं बांगड्यांचं दुकान होतं. रोज चार बांगड्या फुटायच्या आणि भाभी त्यांवरून चालायची. फरशीवर लाल ठसे दिसले की समजायचं. म्हणून दुकान बंद करताना ती गिऱ्हाइकांचा आरसा जमिनीवर ठेवून तळपाय तपासायची. मग तोच आरसा पुसून तोंडासमोर धरायची. जेवताना जीभ चावली गेली असेल, तर ते तेव्हा दिसायचं.

तरी बायका बांगड्या भरायला तिच्याकडेच यायच्या, कारण तिच्याकडे हात दुखत नसे. बाकीचे हाताकडे पाहून बांगडी चढवतात. ती चेहऱ्याकडे बघायची आणि भुवई हलली की थांबायची. मी एकदा विचारलं. म्हणाली, ‘मले काय मालूम तुमचं कुठून दुखते? तोंडावर दिसते, तेवढंच.’

मग तिला दिवस गेले. प्रत्येक गरोदर बाईला मी एकच वाक्य सांगायचे: कळा सुरू झाल्या की निघ. हिला ते सांगून काही उपयोग नव्हता. बाळ दुकानात नाहीतर ऑटोत जन्माला आलं असतं. म्हणून नववा लागताच तिला शिकवलं, पोटावर तळहात ठेवायचा आणि पोट दगडासारखं झालं की मोजायचं. मोजायची रीत तिची तिने काढली. दुकानातल्या बांगड्या ओवायच्या दोन काठ्या घ्यायच्या, पोट घट्ट झालं की या काठीवरची एक बांगडी त्या काठीवर. सासू समोर घड्याळ घेऊन.

एका बाजारच्या दिवशी दुपारी दोघी ऑटोतून उतरल्या. ‘सिस्टरबाई, अर्ध्या तासात नऊ,’ भाभी म्हणाली. टेबलावर घ्यायलाच जेमतेम वेळ मिळाला. आमची आया ओरडली, ‘लाव जोर!’

‘किती?’ भाभीने विचारलं.

‘बापा! आहे तितका लाव ना!’

वीस मिनिटांत मुलगी झाली. मुलगा की मुलगी हे सासूने विचारलंच नाही. तिने विचारलं, ‘हिले दुखते का?’

डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोर बहुतेक आईसारखं होणार नाही. पण ‘बहुतेक’वर कुणाला झोप लागत नाही. जन्मल्यावरची लस दिली तेव्हा पोरगी आधीच रडत होती, त्यावरून काही ठरेना. भाभी रोज पाळण्याशी बसून बघायची. ‘माझ्यासारखी असन तर हिले सांभाळता तरी येईन मले,’ एकदा ती म्हणाली. ‘नसन तर कसं करू?’

दीड महिन्याने ती लसीला आली. माझी बदली झाली होती, त्या गावातला माझा तो शेवटचा लसीचा दिवस. पोरगी गाढ झोपली होती. मी मांडीत सुई दिली आणि काढली. काहीच नाही. सासूने पदर तोंडाशी नेला. मग पोरीचा चेहरा लाल झाला, खालचा ओठ थरथरला आणि तिने अख्खं केंद्र डोक्यावर घेतलं.

‘या अल्लाह, तेरा शुकर,’ म्हणत सासू बाकावर बसली.

भाभीने पोरीला उराशी धरलं, पण डोळे माझ्यावर होते. ‘हे दुखण्याचंच हाये ना?’

‘हो.’

‘इतकं राह्यते?’

‘राहतं.’

‘तुम्हाले बी?’

‘मलाही.’

‘अन् मंग तुम्ही लोक बोलत काऊन नाही?’

रांगेत अजून अकरा बाळं होती. मी पुढचं कार्ड मागितलं.