तेराव्या बाईची साडी

कापसाच्या जिनिंगमंधी, सरकी काढतात तिथं, पत्र्याखाली तूस कसं साचते, पाह्यलं का कधी? कोणी आणून टाकत नाई, आपोआप साचते. किस्स्याइचंही तसंच. चार म्हातारे धंदेवाले एका हॉलमंधी कोंडा, समोर पुण्याची एक हुशार पोरगी उभी करा, अन् विषय द्या 'एआय नीतीनं कसा वापरावा'. मंग बसा झाडत!

मी चौथी शिकलेला. दालमिल चालवतो. पोरानं मले न इचारता या वर्गात माहं नाव टाकलं. म्हणे, "बाबा, आता मशीन अक्कल चालवते. तिच्यावर लक्ष कसं ठेवाचं ते शिकून या." म्हणून दर शनिवारी पिपरी मेघेले जात होतो. संगं कापडवाला छगनसेठ अन् जिनिंगवाला बाबाराव. बाकीचे लोक नाश्त्यापुरते येत, त्याइचं सोडा.

*

पहिल्याच दिवशी त्या पुण्याच्या मॅडमनं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नैतिकता'. अन् इचारलं, "धंद्यात नैतिकता म्हणजे काय? मोकळेपणानं सांगा."

छगनसेठनं हात वर केला.

"गिऱ्हाईक दुकानात आहे तोवर पाळाची गोष्ट!"

मॅडमनं फळा पुसला अन् चहा सांगतला.

*

मंग आला भेदभावाचा धडा. मॅडम म्हणे, मशीनले जुने निर्णय शिकवले का ते जुन्या खोडीही उचलते. खोटं वाटत असंल तं करून पाहा.

छगनसेठले दुकानात सेल्समन पाह्यजेच होता. आजवर ज्याइले ठेवलं त्या साऱ्याइची माहिती मशीनले दिली. वरून नव्या पोराइचे अर्ज टाकले. मशीननं ढीगभर अर्जातून एक पोरगा निवडला. कुठचा? तळेगावचा.

"आधीचे सेल्समन कुठचे होते, शेठजी?" मॅडमनं इचारलं.

"सारे तळेगावचेच. माही सासुरवाडी आहे ना!"

"पाहा! यालाच म्हणतात भेदभाव!" मॅडम खूश.

छगनसेठ मशीनकडे मोठ्या मायेनं पाहून म्हणे, "भेदभाव कायचा मॅडम! माह्या बायकोचा धाक इच्यापर्यंत पोचला!"

*

माहंही सांगतो. मॅडमनं घरचा अभ्यास दिला, मशीनले धंद्याचा एक प्रश्न इचारा अन् उत्तर तपासा. म्या फोनमंधी बोललो, "आज तूर घेऊ का थांबू?"

त्यानं हे लंबं उत्तर दिलं. पाऊस सांगतला, बाजार सांगतला, सरकार सांगतलं. घेऊ का थांबू, ते काई सांगतलं नाई. पण सगळ्यात खाली लिहून होतं, 'माझी चूक होऊ शकते.'

तो फोन म्या पोरासमोर धरला. "वाच! हे वाक्य तू जन्मात कधी बोलला का?"

*

आता बाबाराव. यानं वर्ग सुरू व्हायच्या आधीच जिनिंगमंधी वर छताजवळ अक्कलवाला कॅमेरा लावला होता. कापसातला काडीकचरा वेचणाऱ्या बायांचे हात किती चालतात, ते मोजाले. दसऱ्याले साऱ्या मशिनींसंगं त्याचीही पूजा केली. नारळ फोडला, झेंडूचा लंबा हार घातला. त्याच्या जिनिंगचा बापापासूनचा रिवाज असा का, पूजेचा हार मालकानंच घालाचा अन् पुढच्या दसऱ्याले मालकानंच काढाचा. मंधात कोणी बोट लावाचं नाई.

मॅडमनं इचारलं, "बायांची संमती घेतली का?"

पुढच्या शनिवारी बाबाराव छाती फुगवून आला. "घेतली! म्हटलं, ज्या बाईची हरकत असंल तिनं हात वर करा. एकीनंही केला नाई!"

म्या म्हटलं, "कशी करंल बे? जिचा हात थांबंल तिले काढतो म्हणून तूच सांगून ठेवलं आहे!"

*

अन् मशीननं एक नंबर काढलाही. जागा पाह्यली तं मंजुळाबाईची. गिरडकडची बाई, लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच जिनिंगमंधी. मशीन म्हणे, ही दिवसभर काईच करत नाई.

बाई माह्या दालमिलवर आली. "दादाजी, त्या शिकवणाऱ्या मॅडमले सांगा ना. माहे हात थांबत नाईत हो. या वयात मले दुसरीकडे कोण ठेवंल?"

म्या वर्गात सांगतलं. मॅडम बाबारावले म्हणे, "काका, मशीन फक्त मत देते. माणसाला काढण्याआधी माणसानं जाऊन डोळ्यांनी बघायचं."

बाबाराव उखडला. "पाहासाठीच तं मशीन घेतली! मीच पाहू तं ते कायले लावली?"

*

शेवटचा वर्ग मॅडमनं बाबारावच्या जिनिंगमंधीच ठेवला. बाबाराव म्हणे, "बरं झालं, साऱ्याइसमोर निकाल लावतो. मंजुळाबाईले कायमची सुट्टी, अन् एक नंबर काम करणारीले साडी." साडी छगनसेठच्याच दुकानची, जरीकाठाची.

"एक नंबर कोण?" म्या इचारलं.

"मशीन नाव नाई देत, नंबर देते. तेरा नंबरची बाई. काय काम करते लेका! पाणी नाई, तंबाखू नाई, गप्पा नाई. सकाळपासून हलून राह्यली!"

शेडमंधी पंखे घरघर करून राह्यले होते. बाया ढिगाभोवती बसल्या होत्या. बाबारावनं साडी दोन्ही हातावर घेतली अन् आवाज दिला, "तेरा नंबर, समोर ये!"

कोणी उठलं नाई.

"लाजू नको वो बाई, ये!"

मुनीम कानाशी आला. "मालक, बाया बाराच आहेत."

"मंग मशीन खोटं बोलते का?"

मॅडमनं कॅमेऱ्याचं चित्र मोठ्या पडद्यावर लावलं. एकेका बाईभोवती हिरवी चौकट अन् वर नंबर. तेरा नंबरच्या चौकटीत दसऱ्याचा झेंडूचा हार होता. वाळून काळा पडलेला, कॅमेऱ्याच्या तोंडाशी लटकलेला, पंख्याच्या हवेनं मस्त झुलून राह्यला होता. अन् त्याच्या मांगं, जरासा, मंजुळाबाईचा पदर.

बाबारावच्या हातात साडी तशीच.

मंजुळाबाई ढिगातून उठली. अंगावरचा कापूस झटकला अन् म्हणे, "थांबा मालक, टेबल आणून देतो. तिले साडी नेसवाले तुमचा हात पुरणार नाई."