भरोसा माणसावर, कुलूप दारावर

कुलूप लावलं की तो ते खाली ओढून बघायचा. जिन्यापर्यंत जायचा, परत यायचा आणि पुन्हा एकदा ओढायचा. "काऊन रे, कुलूप पळून जाते का?" मी विचारायची. तो न चिडता म्हणायचा, "ताई, भरोसा मानसावर ठेवा, कुलूप दारावर."

तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, ज्याला भिंतीआधी भिंतीतलं भोक दिसतं. वर्ध्याच्या ज्या कॉलेजात मी परीक्षा विभागात कारकून होते, तिथे हा होता. मूळचा आर्वीकडच्या रोहण्याचा, कॉम्प्युटरची खोली सांभाळायचा. मुलांचे गुण कागदावरून कॉम्प्युटरवर गेले तेव्हापासून त्याच्या कपाळावरची आठी काही उतरली नाही.

आमच्याकडे एक जुनी रीत होती. रजेवर जाताना आपल्या खणाची चावी शेजारच्या टेबलावर ठेवून जायची. सोबत नेली तर तो शेजाऱ्याचा अपमान. कॉम्प्युटर आले तसे पासवर्डही त्याच रीतीने ठेवले जाऊ लागले; खिडकीपाशी बसलेला माणूस दारापाशी बसलेल्याला ओरडून सांगायचा. ह्याने ती रीत मोडली. ज्याचा त्याला वेगळा पासवर्ड, आणि सख्ख्या भावालाही सांगायचा नाही अशी तंबी.

हेडक्लार्कांना आम्ही सगळे काकाजी म्हणायचो. त्यांना हे फार लागलं. "आमी का चोर आहो?" एवढंच म्हणाले आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. ह्याच काकाजींनी त्याला नोकरीला लावलं होतं. त्याचे वडील सावंगीच्या दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होते, तेव्हा हेच त्याच्यासोबत बाकावर बसून राहिले होते. आता तो डबा उघडायचा आणि काकाजींच्या पाठीकडे बघत जेवायचा. मला दोघांचाही राग यायचा.

त्याच सुमारास त्याने माहिती सुरक्षेच्या एका मोठ्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. ते प्रमाणपत्र मिळालं तर पुण्याच्या कंपन्या घ्यायला तयार होत्या. बायकोने तर तिथल्या शाळांची चौकशीही केली होती. उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक, त्यावर वर्तमानपत्राचं कव्हर. चहाच्या टपरीवर तो मला प्रश्न विचारायचा.

"ताई, ऑफिसले आग लागली. पहिले काय वाचवसान?"

"पगाराचं रजिस्टर."

"नापास! पहिले मानूस. बाकी सारं मागून."

आम्ही हसलो. मग त्याने विचारलं, "चोर कुलूप कधी तोडते?" मी म्हटलं, रात्री. तो कप खाली ठेवून म्हणाला, "तोडतच नाई, ताई. आपनच त्याले चावी देतो. प्रेमानं." चहाचे पैसे देताना म्हणाला, "आपल्याकडे काहीतरी होनार आहे. कोनाच्या हातून, तेच समजून नाई राह्यलं."

परीक्षा मुंबईला होती आणि नेमकं आमचं निकालाचं काम सुरू होतं. तो निघण्याच्या दिवशी काकाजी कित्येक महिन्यांनी त्याच्या टेबलापाशी आले. "जातं का, बेटा? चावी ठेवून जाजो. मांगं काम अडते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको. पण काकाजींनी त्याला बेटा म्हटलं होतं. तो वाकला आणि त्यांच्या कानात बोलला. काकाजींनी त्याची पाठ थोपटली. दोघांचं गोड झालं म्हणून मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी टपरीवरचं त्याचं 'प्रेमानं' आठवलं.

पुढे जे झालं त्यात काकाजींच्या मनात पाप नव्हतं. निकालाच्या कामाला घेतलेल्या एका तात्पुरत्या माणसाने पासवर्ड विचारला आणि त्यांनी जुन्या रीतीने, खिडकीतून दारापर्यंत, ओरडून सांगितलं.

तो परतला आणि सकाळीच पांढराफटक होऊन माझ्यासमोर उभा राहिला. नापास झालेली काही मुलं पास झाली होती, आणि गुण बदलणाऱ्याच्या जागी त्याचंच नाव होतं. तो तात्पुरता माणूस यायचा बंद झाला होता. प्राचार्यांना जाऊन सांगितलं तेही त्यानेच.

चौकशी बसली. तो मुंबईत होता हे सगळ्यांना मान्य होतं. मग पासवर्ड कोणाला दिलास, एवढंच विचारत होते. "नियम मी केलता, मीच मोडला. नाव नाई सांगत," तो म्हणाला. बाहेर व्हरांड्यात काकाजी रडत होते. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. "मी सांगतो आत जाऊन," म्हणून उठले, तर ह्याने त्यांना खांदे दाबून खाली बसवलं.

त्याला काढून टाकलं. नंतर त्याच्या मुंबईच्या परीक्षेचा निकाल आला. पास झाला होता. पण प्रमाणपत्र हवं तर आपल्यावर अशी कारवाई झालेली नाही, हे सही करून सांगावं लागायचं. त्याने ती सही केली नाही.

"काऊन नाव नाई सांगितलं रे?" मी चिडून विचारलं.

"पेपरात होता तो प्रश्न, ताई. पहिले मानूस." हसला आणि आर्वीच्या बसमध्ये चढला. मी बसस्टँडवर उभी राहून ढसाढसा रडले. पुन्हा तो मला दिसला नाही.

निकाल जाहीर करण्याची सोय फक्त त्याच्याच नावाच्या खात्यात होती, आणि तो प्रोग्राम बनवून देणारे कधीच दुकान बंद करून गेले होते. म्हणून नुसता पासवर्ड बदलला, खातं तसंच ठेवलं. आठवड्याच्या आत नवा पासवर्ड खिडकीतून दारापर्यंत ओरडला गेला. मी प्राचार्यांना सांगून पाहिलं. "काम चालू आहे ना, बाई?" ते म्हणाले.

माझी नोकरी सुटेपर्यंत ती खोली मीच उघडायची. तो जिथे कुठे असेल तिथे, इथे आमच्या पडद्यावर त्याचं नाव रोज हजर असायचं. त्या नावाने कोणीतरी गुण भरायचं, कोणीतरी बदलायचं. कोण, ते दिसायचं नाही.

संध्याकाळी मी कुलूप लावायची, ओढून बघायची, जिन्यापासून परत येऊन पुन्हा ओढायची. कुलूप घट्ट असायचं, ते तोडायची कोणाला गरजच नव्हती. त्याचीच मला भीती वाटायची.