एकादशीचं रक्त

रक्तदान म्हटलं की इथे आखातात आमच्या मराठी मंडळातल्या शूर पुरुषांना एकेक आजार आठवायला लागतात. एकाला मधुमेह 'होण्याची शक्यता' असते, दुसऱ्याची मान धरते. गणपतीत ढोल बडवताना कुणाची मान धरलेली मी अजून पाहिलेली नाही! पण या खेपेला मी हात धुऊन मागे लागले होते, ते शेजारच्या आपाच्या लेकीसाठी.

आपा रत्नागिरीची, इथल्या राई नावाच्या भागात तिच्या नवऱ्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. लेकीला थॅलेसेमिया. दर काही आठवड्यांनी रक्त चढवलं नाही तर पोर पांढरीफटक पडते. मागच्या वेळी तिच्या गटाचं रक्त वेळेवर मिळालं नाही, तेव्हा लिफ्ट बंद म्हणून जिन्यातच बसून राहिली होती. वर चढायचं त्राण नव्हतं. रक्त काही रिफायनरीत तयार होत नाही, माणसानंच माणसाला द्यायचं, तेही फुकट. हे मी सगळ्यांना इतक्यांदा ऐकवलं की माझ्या जिभेला भिऊन मंडळी तयार झाली.

शुक्रवारची सुट्टी पाहून दिवस ठरवला. तिथी पाहायची अक्कल कुणाला? सकाळी फोन उघडला तर 'शुभ एकादशी'च्या शुभेच्छांचा पाऊस. म्हणजे सगळ्यांचा उपवास! पण आले बिचारे, डबे घेऊन आले.

रक्तपेढीतला डॉक्टर इजिप्तचा, हसतमुख. त्यानं पहिल्यालाच विचारलं, "सायम?" म्हणजे, उपवास आहे का? पहिला नेमका आमचा नवरा. इतकी वर्षं इथे काढून त्याला दहा अरबी शब्द येतात आणि ते वापरायची संधी तो सोडत नाही. छाती फुगवून म्हणाला, "ऐवा, सायम!" म्हणजे हो, आहे! मागून अख्ख्या रांगेनं री ओढली, "सायम, सायम!"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. इथे सायम म्हणजे पहाटेपासून पाण्याचा थेंबही नाही. अशा माणसाचं रक्त कोण काढणार? "मगरीबनंतर या," तो म्हणाला, म्हणजे सूर्य मावळून उपवास सुटल्यावर. झालं! मराठी माणूस एकदा घरी जाऊन सोफ्यावर आडवा झाला की संध्याकाळी परत येतोय होय? दोघंतिघं तर खुशीत चपला शोधायला लागले. आपाकडे बघवेना. तिनं ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलं होतं.

माझं डोकंच फिरलं. "अहो, सायम कसले डोंबलाचे! घरून काय हादडून आलात ते सांगा की त्याला!" मग आपा पुढे झाली. तिचं अरबी पाण्यासारखं वाहतं. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ, केळी, राजगिऱ्याचा लाडू... यादी लांबत गेली, तसे डॉक्टरचे डोळे विस्फारत गेले.

"हा उपवास?" त्यानं विचारलं.

"एकादशी आणि दुप्पट खाशी," मी म्हटलं. आपानं त्याचंही भाषांतर केलं. डॉक्टरनं डबा उघडायला लावला, चमचाभर खिचडी खाल्ली आणि पोट धरून हसला. असा उपवास आपण रोज करू, म्हणाला. चपला शोधणाऱ्यांसकट सगळे रक्त द्यायला आडवे झाले.

शेवटी तो माझ्याकडे वळला. "आणि तू?" मी सकाळपासून धावपळीत नुसत्या चहावर होते. खरी उपाशी काय ती मीच निघाले! आपानं मला खुर्चीत दाबून बसवलं आणि "ताई, आ करा," म्हणत स्वतःच्या हातानं घास भरवले. डबा रिकामा झाला, तेव्हा कुठे मीही रक्त द्यायला आडवी झाले.

काही आठवड्यांनी पोरगी रक्त चढवून आली. कुणाचं रक्त कुणाला जातं हे कधीच कळत नाही, कळूही नये. लिफ्ट पुन्हा बंद होती. दारावरची बेल वाजली, उघडलं तर ही जिना चढून आलेली, धापा टाकत, गाल लाल.

"आंटी," ती म्हणाली, "आय डोन्ट नो व्हाय, पण मला साबुदाणा खावासा वाटतोय."

घरात साबुदाणा भिजवलेला नव्हता. तिला आत ओढून घेतलं, जवळ धरलं आणि तशीच रडत साबुदाण्याचा डबा शोधायला लागले.