मागं घ्यायचं!

नेरजवळच्या आमच्या सासुरवाडीत लग्नघरी पहिला मान जावयाचा असतो. गेल्या उन्हाळ्यात तो मान मी स्वतःच्या हातानं धुळीला मिळवला. कुणाची मदत लागली नाही.

लग्न धाकट्या मेहुणीचं. वऱ्हाड गावच्या शाळेत उतरलं होतं आणि नवरदेवाला मांडवात आणणार होती मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, जुनी कार्बोरेटरवाली गाडी. थोरल्या मुलीचा नवरदेव त्याच गाडीतून आला होता. (तो मीच.) धाकटीचाही त्यातूनच येणार, हा मामाजींचा हट्ट. पण मांडवाला पाठ करून उभी असलेली गाडी सकाळपासून खोकत होती.

"मिस्तरीले बलावू काय, बापू?" मामाजींनी विचारलं.

"मी आहो ना, मामाजी! टायमिंगच तर आहे." (फोनवर अख्खा व्हिडिओ पाहिला होता!)

"अवो, तुमच्याच्यानं मिक्सरचं भांडं बसत नाही!" बायको पाहुण्यांसमोर म्हणाली. मग तर माघार घेणंच शक्य नव्हतं.

आधी वायरिंग पाहिलं. मामाजींनी आयुष्यभर विहिरीवरच्या पंपाच्या उरलेल्या वायरींनीच गाडी जोडली होती. टेप संपली तिथं पोत्याची सुतळी! हॉर्न मुका होता. मी जवळची एक वायर धरून त्याला जोडली. ती ब्रेकच्या दिव्याची निघाली. आता ब्रेक दाबला की हॉर्न कोकलायचा, आणि तो इतकी वीज प्यायचा की इंजिन बंद!

"हे आपण मंग पाहू," मी म्हणालो आणि टायमिंगकडे वळलो.

प्लगची ठिणगी वेळेवर पडावी म्हणून इंजिनावरचा डिस्ट्रिब्यूटर जरा मागं-पुढं फिरवतात. तो मामाजी फिरवणार होते, कारण त्यांच्या गाडीला परका हात चालत नाही. मेहुणा गजानन आत बसून ॲक्सिलरेटर दाबत होता. मी मधे उभा राहून कानानं इंजिन तपासत होतो.

आता अडचण अशी, की सासऱ्याला हुकूम कसा सोडायचा? म्हणून मी कुणाचं नाव न घेता हवेत म्हणालो, "आता मागं घ्यायचं!"

मामाजींनी डिस्ट्रिब्यूटर मागं घेतला.

गजाननानं गाडी मागं घेतली.

मामाजी पाना हातात धरून रिकाम्या हवेवर वाकलेले राहिले. बॉनेट उघडं, त्यामुळे आरशातही न पाहणाऱ्या गजाननाला आता पुढचंही दिसेना.

"अबे, कुठी चालला?" मामाजी ओरडले.

"भाऊजीच म्हणून राह्यले ना, मागं घे!"

त्यानं ब्रेक दाबला. हॉर्न कोकलला, इंजिन बंद पडलं, पण तोवर मांडवाचे पुढचे दोन खांब गेले होते. झालर, फुलं, बल्बच्या माळा असा अर्धा मांडव सावकाश गाडीवर बसला. नशीब, खाली कुणी नव्हतं. मेहुणी खिडकीतून म्हणाली, "भाऊजी, लगन आजच हाय ना माह्यं?" तेव्हा मात्र मला खरंच रडू आलं.

पण धक्क्यानं कुठली तरी वायर बसली असावी. किल्ली फिरवताच गाडी सुरू! झालर काढायला वेळ नव्हता. मी तशीच शाळेकडे दामटली.

"वा! सजावट झकास हाय!" नवरदेवाचा मामा खूश झाला.

परतीच्या वाटेवर मी एकदाही ब्रेक लावला नाही. लावला असता तर गाडी तिथंच राहिली असती! त्यात टायमिंग जास्तच मागं गेलेलं. सायलेन्सरमधून फाट फाट बार निघत होते. बँडवाल्यांना वाटलं, आतषबाजी. त्यांनी जोर धरला, पण वऱ्हाड्यांना नाचायला फुरसत कुठली? सगळे गाडीमागे धावत होते! घामाघूम बँडवाले धावता धावताच वाजवत होते.

आमच्याकडे नवरदेव मुहूर्त टळल्यावरच मांडवात येतो. हा इतका आधी आला, की अजून मांडवच नव्हता! भटजी आंघोळीला गेले होते.

शेवटी दोन खांब हातांनी धरायचे ठरले. एक गजाननाकडे, दुसरा माझ्याकडे. फेटा बांधलेला थोरला जावई मंगलाष्टकं संपेपर्यंत बांबू कवटाळून उभा! अंतरपाटाआडून मेहुणी माझ्याकडे बघून खुदकन हसली आणि माझ्या जिवात जीव आला.

"बापू," मामाजी कानाशी पुटपुटले, "आता ना पुढं, ना मागं. हालू नका."

यंदा चुलत मेहुणीचं लग्न ठरलंय. परवा मामाजींचा फोन आला. "बापू, याही खेपेले गाडीची जबाबदारी तुमचीच."

मला भरून आलं. "मामाजी, तुम्ही फक्त हुकूम करा!"

"लग्नाच्या आदल्या दिवशी या, किल्ली घ्या," ते म्हणाले, "अन् अक्षता पडेपर्यंत तिले घेऊन यवतमाळात बसा."