सोळा अंशांवरची फर्नेस

काल ऑफिसात माझं डोकंच फिरलं. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या मीटिंग रूममध्ये आम्ही सहा जण बसलो होतो, आणि विषय होता कॅनडातल्या एका घरातली थंडी...

आमची टीम घरं गरम ठेवणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर लिहिते. त्या घरात गॅसची जुनी फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, होतीच, तिच्या जोडीला जमिनीतली ऊब ओढून घेणारा हीट पंप नवा बसवलाय. कडाक्याच्या थंडीत पंप एकटा पुरा पडत नाही, तेव्हा फर्नेस कधी पेटवायची हे आमचा कोड ठरवतो.

तिथल्या आजींची तक्रार आली होती. आजोबांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, आणि तीन दिवस दोघं घरात कोट घालून बसलेत. फर्नेस पेटतच नाही.

आमचा मॅनेजर सुहास, पक्का पुणेकर, म्हणतो, "अगं, बिघाड काही नाहीये. घर सोळाच्या खाली गेलं की पेटेल ती. सोळा म्हणजे काय, महाबळेश्वर! लोक हौसेने जातात."

सगळे हसले. आणि तक्रार बंद करायला निघाले!

इतका संताप आला मला... एसीचा रिमोट उचलला, सोळावर आणला आणि म्हटलं, "आता अर्धा तास कुणी उठायचं नाही."

दहा मिनिटांत एक जण जॅकेट आणायला उठलाच. खोली अजून एकोणिसावरच होती हं! सुहास हात काखेत घालून म्हणाला, "बरं बाई, बदलू. पण हा सोळा टाकला कुणी?"

मी तावातावाने लॅपटॉप उघडला, रेकॉर्ड काढलं... नाव माझं होतं.

मग आठवलं. त्या घराची सेटिंग भरताना फॉर्ममध्ये 'किमान तापमान' विचारलं होतं, आणि आमच्या घरच्या एसीवर सगळ्यात खालचा आकडा सोळा आहे. तोच टाकून मोकळी झाले होते मी. जन्मात कधी हीटर न लावलेली बाई दुसऱ्याच्या घरातली थंडी ठरवत होती! राग तेवढाच होता, पण आता तो सगळा माझ्यावरच.

तासाभरात आकडा वीसवर नेला. आजींना मेल लिहिला, चूक माझी होती म्हणून.

आज उत्तर आलं. घर गरम झालंय, आजोबा कोट काढून शांत झोपलेत. आणि खाली एक ओळ... "तुमच्याकडे फार थंडी नाही ना?"

बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये पंखा फुल करून मी ते वाचत होते. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं... थँक यू, आजी.